पाच रुपयांसाठी कोण भांडत बसंल?

लातूर,
रविवार, दुपार

प्रिय कुंदे,

फोनवर तू विचारलंस, "रिटायर होऊन करतेस काय?" आणि मी "काही नाही गं, आराम," म्हणून टाळलं. तेव्हा गॅसवर कुकर होता आणि उत्तर लांबलचक होतं. आता सावकाश लिहिते. तुमच्या गोथेनबर्गला सध्या साडेतीनलाच अंधार पडतो म्हणतेस, तेव्हा वाचायला तुला वेळच वेळ.

तर मी दर रविवारी एका गच्चीवर पोरांना जाहिराती वाचायला शिकवते. हसू नकोस. लातूरचा ट्यूशन एरिया तू पाहिला नाहीस. तू आली होतीस तेव्हा हे एवढं नव्हतं. आता एकेका इमारतीत खाली झेरॉक्स आणि मेस, वर क्लास, त्याच्यावर हॉस्टेल आणि सगळ्यात वर अभ्यासिका. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, कुठून कुठून सोळा-सतरा वर्षांची पोरं 'नीट'साठी येऊन राहतात. घरापासून लांब, हातात मोबाइल, खिशात महिन्याचे मोजके पैसे. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची खरेदी स्वतः करणारी ही मंडळी. साबणापासून क्लासपर्यंत जो तो त्यांनाच काहीतरी विकायला बसलेला. अशा एका अभ्यासिकेचा मालक माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने गच्ची दिली, चार सतरंज्या दिल्या, चहा मात्र माझा.

ग्राहकाच्या हक्कांची यादी मी शिकवत नाही. सुरक्षिततेचा हक्क, माहितीचा हक्क, निवडीचा हक्क. कायद्यात सहा लिहिलेत आणि पोरांना ते पाठ आहेत. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन का, तर १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर त्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली, हेही एकीने मला घडाघडा सांगितलं. आणि त्याच संध्याकाळी तीच पोरगी स्टँडवर वीसची बाटली पंचवीसला घेऊन आली. "थंड करायचे पाच जास्त," असं बाटलीवाला म्हणाला म्हणे. छापील किमतीवर एक पैसाही जास्त घेता येत नाही, हे तिला माहीत होतं. मग दिलेस कशाला? तर म्हणाली, "मॅडम, पाच रुपयांसाठी कोण भांडत बसंल?"

कुंदे, मला वाटतं सगळं घोडं इथंच पेंड खातंय. आपण मोठी माणसं समजतो की पोरं भोळी आहेत, जाहिरातीला भुलतात, त्यांना शहाणं करायला पाहिजे. मुळीच नाही. ती आपल्यापेक्षा कितीतरी तयार आहेत. 'फक्त २ शिल्लक, ९ मिनिटांत ऑफर संपणार' असं मोबाइलवर आलं की मी अजून घाबरते. यांच्यातल्या एकाने शांतपणे ते पान बंद केलं, पुन्हा उघडलं, तर घड्याळ पुन्हा नवापासून सुरू! असल्या युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे तेरा प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई, टोपलीत न विचारता टाकलेला विमा किंवा देणगी, सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सतरा पानं असलेली वर्गणी. मी प्रकार सांगायचा अवकाश, पोरांनी आपापल्या मोबाइलमधून नमुने काढून दाखवले. एका ठिकाणी नकाराच्या बटणावर लिहिलं होतं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत.' म्हणजे नाही म्हणायचं तर आधी स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायचं. त्यावर पोरं खूप हसली. पण तक्रार? छे. फसवणूक ओळखता येते, पण तोंड उघडायची लाज वाटते. तक्रार करणारा म्हणजे चिकट, भांडकुदळ, घरी पैशांची ओढ असलेला. गावाकडून आलेल्या पोराला तर हे शेवटचं फारच लागतं.

बाटलीवरून आठवलं. एका पोराने मला बरोबर पकडलं, "मग हॉटेलात जास्त घेतात ते?" मी म्हटलं, ते चालतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की हॉटेलात माणूस नुसती बाटली घ्यायला जात नाही, तिथली जागा आणि सेवाही घेतो, म्हणून छापील किमतीचं बंधन तिथे नाही. तो म्हणतो, "मग स्टँडवरचा काका म्हणंल, मी पण बाकडं टाकलंय!" यावर मला उत्तर सुचेना, चहा आला म्हणून वाचले.

तक्रारीची ही लाज पाहिली की मला तुझ्या आईची आठवण येते. पार्ल्याला तुमच्या घरी मुंबई ग्राहक पंचायतीचं महिन्याचं सामान उतरायचं, आठवतं? आसपासच्या घरांची मिळून एक यादी, सामान एकाच घरी यायचं आणि मग बायका ते वाटून घ्यायच्या. आपण पोरी गूळ पळवायला टपलेल्या असायचो. तांदळात खडे निघाले की तुझी आई सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात सांगायची आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम १९७४ मध्ये सुरू केलं, मुंबईत ती १९७५ मध्ये उभी राहिली, आणि तिच्या उभारणीत आपले बाबूजी, सुधीर फडके होते हे सांगितलं की पोरांना खरंच वाटत नाही. त्याआधी १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांनी महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर आणल्या, लाटणी घेऊन. त्या बायका एकेकट्या दुकानात गेल्या असत्या तर त्यांनीही निमूट पैसे टाकले असते, असं मला वाटतं. एकट्या माणसाला लाज वाटते, घोळक्याला वाटत नाही. माझ्या रविवारच्या वर्गाचा सगळा डोलारा एवढ्याच समजुतीवर उभा आहे. आम्ही एकट्याने काही करत नाही.

वेष्टनांपासून सुरुवात केली. दहा रुपयांची पाकिटं आणि मोठी 'फॅमिली' पाकिटं समोर मांडायची आणि एका ग्रॅमला किती पडतात ते काढायचं. आता हा दर पाकिटावर छापावाच लागतो, पण तो कुठे छापलाय ते शोधण्यातच पंधरा मिनिटं जातात. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतं असं नाही, हे कळल्यावर एकाने लगेच आईला फोन लावला. असो, वेष्टनांत फार रमायचं नाही असं मी ठरवलंय, कारण या पोरांची खरी मोठी खरेदी वेष्टनात येतच नाही.

ती म्हणजे क्लास.

निकाल लागला की लातुरात पावसाआधी फ्लेक्स येतात. चौकाचौकात हसरी पोरं, खाली मार्क, रँक आणि 'आमचा अमुक'. एकच पोरगा तीन चौकांत तीन क्लासांचा 'आमचा' असतो. एकाकडे तो दोन वर्षं शिकला, दुसऱ्याकडे फक्त टेस्ट सिरीज दिली आणि तिसऱ्याकडे एक दिवस मार्गदर्शनाला बसला. फ्लेक्सवर तिघंही सारखेच. मी पोरांना दिल्लीच्या एका आयएएस क्लासची गोष्ट सांगते. २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेत देशभरातून ९३३ जणांची निवड झाली. त्यातले ६८२ आमचे, अशी त्या क्लासची जाहिरात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हिशेब मागितला, तर त्यातले ६७४ जण नुसत्या सराव मुलाखतीला येऊन गेलेले, तीही फुकट. उरले आठ. क्लासला पाच लाखांचा दंड झाला.

हे आकडे मी फळ्यावर लिहिले तेव्हा गच्चीवर पहिल्यांदा कुणी बोलेना. कारण सगळ्यांच्या वडलांनी असल्याच कुठल्यातरी फ्लेक्सवरून क्लास निवडलेला. कुणी जमीन गहाण टाकून, कुणी सोनं ठेवून. आणि यातली लबाडी बारीक आहे बघ. आकडा खोटा नाही. ते ६८२ जण खरेच होते, खरेच त्या दारातून आत गेले होते. फक्त कशासाठी गेले होते, ते सांगितलं नाही. पोरांनी जाहिरातीबद्दल एकच गोष्ट शिकायची तर ती ही, असं माझं मत आहे. खोटं पकडणं सोपं असतं, वगळलेलं पकडायला प्रश्न विचारावा लागतो.

१३ नोव्हेंबर २०२४ ला क्लासच्या जाहिरातींसाठी नियमच आले. यशस्वी मुलाचा फोटो लावायचा तर त्याने कुठला कोर्स केला, किती दिवसांचा, पैसे भरून की फुकट, हे सांगायचं. त्याची लेखी परवानगी निकालानंतर घ्यायची, प्रवेशाच्या फॉर्मातच सही करून घेतलेली चालायची नाही. यशाची हमी द्यायची नाही. सूचना बारीक अक्षरांत कोपऱ्यात ढकलायची नाही, दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत द्यायची. मग आम्ही काय केलं, टोळ्या करून फ्लेक्सचे फोटो काढत हिंडलो. नियमात बसणारा एक तरी सापडतो का बघायला! एका फ्लेक्सवर खालच्या कडेला काहीतरी लिहिलं होतं खरं. मोबाइलवर मोठं करून पाहिलं तर ते फ्लेक्स छापणाऱ्याचं नाव निघालं.

पोरांपैकी एक जण रील करतो, बऱ्यापैकी फॉलोअर आहेत त्याला. त्याला एका दुकानाने बूट फुकट दिले होते आणि तो रीलमध्ये "भावांनो, एक नंबर बूट" म्हणत होता. फुकट वस्तू मिळाली तरी 'जाहिरात' असं स्पष्ट लिहावं लागतं आणि तेही रीलच्याच भाषेत, हे कळल्यावर त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "मॅडम, मग कोण विश्वास ठेवंल?" शेजारची पोरगी म्हणाली, "तेच तर." मला पुढे काही बोलावंच लागलं नाही.

त्यांना सगळ्यात आवडतो तो खटला म्हणजे ७९ रुपयांचा. दिल्लीतल्या एकाने २०१३ मध्ये 'फेअर अँड हँडसम' क्रीम घेतली. सांगितल्याप्रमाणे लावली, गोरेपणा काही आला नाही, म्हणून गडी ग्राहक मंचात गेला. इमामी कंपनीचं म्हणणं असं की नुसती क्रीम लावून भागत नाही, सोबत पौष्टिक आहार, व्यायाम, चांगल्या सवयी लागतात. इथे गच्चीवर नेहमी खसखस पिकते, "मग क्रीम कशाला लागती?" डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या जिल्हा आयोगाने कंपनीला साडेचौदा लाखांचा दंड ठोठावला. टाळ्या पडतात. मग कुणीतरी हिशेब करतं, २०१३ ते २०२४, म्हणजे अकरा वर्षं. "मॅडम, तवर त्याचं लगीन होऊन पोरं झाली असतील की!" कायद्यात तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यावा असं लिहिलंय, माल तपासायचा असेल तर पाच महिन्यांत. लिहिलंय, एवढंच मी म्हणते. या बाबतीत पोरांशी गोड बोलणं मला जमत नाही. ग्राहक आयोगात वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे सगळं खरं. पण तारखा पडतात हेही खरंच. ते लपवलं तर मीही ते ६८२ वाले झाले.

म्हणून आमचा भर खटल्याच्या आधीच्या पायऱ्यांवर. बिल मागायचं. बोलणं झालं की ते लिहून द्यायला लावायचं. मग अर्ज, पोच, आणि तरीही ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर, तिथे मराठीत बोलता येतं.

यंदा एका पोरीने दोन महिन्यांत क्लास सोडला. डॉक्टरकी नको, फार्मसी करायचीय म्हणाली. वर्षाची फी एकदम भरलेली, तीही रोख. पावती म्हणजे साध्या कागदावर शिक्का. वडील आले होते, धोतर-टोपीतला साधा माणूस. मी म्हटलं, उरलेल्या महिन्यांची फी परत मागा. क्लाससाठी केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांत लिहिलंय की मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत द्यावेत. ते हात जोडून म्हणाले, "बाई, लेकरांच्या शिक्षणात कुठं घासाघीस करायची? सरस्वतीचं काम आहे." कुंदे, त्या वाक्यावर या शहराचा निम्मा धंदा चालतो. सरस्वतीची पावती मागायला माणूस धजत नाही. शाळा-कॉलेजं ग्राहक कायद्यात येतात की नाही यावर वाद आहे, पण क्लास येतात, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्येच म्हटलंय. हे मी त्यांना सांगितलं, पण खरं सांगू, तेवढ्याने ते तयार झाले नाहीत. पोरीच्या मैत्रिणी म्हणाल्या, "काका, तुम्ही येऊ नका. आम्ही जातो." पाच-सहा जणी अर्ज घेऊन काउंटरवर उभ्या राहिल्या. काउंटरवरच्याने विचारलं, "तुम्ही कोण?" तर म्हणाल्या, "आम्ही पोच घ्यायला आलोय." पहिल्या दिवशी पोच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच जणी. मग १९१५ ला फोन. काही आठवड्यांनी दोन हप्त्यांत बरीचशी रक्कम आली. सगळी नाही. हॉस्टेलची अनामत अजून बुडालेलीच आहे आणि ती निघेल असं मला वाटत नाही. पण त्यानंतर स्टँडवरच्या बाटलीवाल्याशी कोण बोलायला जाणार यावरून पोरींमध्ये चढाओढ लागली.

एक गोष्ट मात्र पोरांना खटकते आणि त्यांचं बरोबर आहे. अठरा पूर्ण नसतील तर २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार त्यांना स्वतःला करता येत नाही, आईवडील किंवा पालकांनी करायची. एक पोरगं फणकारलं, "म्हणजे जाहिरात आमच्यासाठी आणि तक्रार पप्पांनी करायची?" यावर उपाय म्हणून आम्ही दुसरी वाट धरलीय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार त्याच कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. म्हणून फ्लेक्सचे फोटो, ठिकाण, तारीख आणि प्रत्येकावर काय वगळलंय, असं पत्र तयार केलंय. सही माझी, कागद पोरांचे. पत्राच्या भाषेवरून गेले दोन रविवार भांडण चाललंय. एका गटाला 'नम्र विनंती' हवी आहे, दुसऱ्याला ती नको. क्लासवाले चिडतील, अभ्यासिकेच्या मालकाला त्रास देतील, अशी भीतीही आहे. ती खोटी नाही. फ्लेक्सवाल्यांपैकी दोघे त्याच्याच इमारतीत भाडेकरू आहेत. त्याला मी म्हटलं, तुला नको असेल तर आम्ही माझ्या अंगणात बसू. तो अजून काही बोललेला नाही.

आता तुझ्याकडे एक काम. तुमच्या स्वीडनमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायला १९९१ पासून बंदी आहे, असं मी गच्चीवर सांगितलं आणि फसले. पोरांच्या प्रश्नांचा पाऊस पडला. मग तिथली पोरं खेळणी कशी मागतात? दुकानात गेल्यावर काय बघतात? मोबाइलवर जाहिराती येतातच ना? पूर्वी लंडनहून दिसणाऱ्या चॅनेलांना तो नियम लागू होत नसे, एवढं मला माहीत होतं, तेवढं सांगून वेळ मारून नेली. तेव्हा तुझ्या नातीला विचार आणि तिच्याच शब्दांत लिहून पाठव. तू मध्ये सुधारणा करू नकोस. आणि तिथल्या चॉकलेटांची वेष्टनंही पाठव. चॉकलेटसकट पाठवलीस तरी चालेल, पोस्टखर्चाची पावती मात्र जोड.

तुझी,
शालू

ता. क. 'नम्र विनंती' काढून टाकली. मतदान झालं.